शालेय संगीतवर्गाचे ‘अभ्यासेतर’ स्थान : एक मीमांसा

१

शाळेच्या वेळापत्रकात ज्या विषयांना तास मिळतो ते ‘अभ्यास’ आणि शेवटची घंटा झाल्यावर जे चालते ते ‘अभ्यासेतर’, अशी एक विभागणी शिक्षणव्यवहारात इतकी रुळली आहे की, तिच्यामागे काही विचार आहे काय, हा प्रश्नही सहसा उपस्थित होत नाही. गायन, वादन, नृत्य, चित्रकला यांचे वर्ग बहुधा या दुसऱ्या गटात पडतात. त्यांच्यासाठी वेगळे शुल्क असते, शिक्षक बाहेरून येतो, आणि वार्षिक स्नेहसंमेलनाच्या सुमारास त्यांना जी प्रतिष्ठा लाभते ती परीक्षा जवळ येताच ओसरते. या स्थितीविषयी कलाप्रेमी मंडळी हळहळ व्यक्त करतात, तर शाळाचालक पैशाचे व वेळेचे कारण पुढे करतात. दोन्ही पक्षांत एक गृहीत मात्र समान असते. संगीतवर्ग हा जसा आहे तसा चांगलाच आहे. उणीव आहे ती त्याला मिळणाऱ्या स्थानाची, हे ते गृहीत होय.

हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. संगीतवर्गाचे बाहेरचे स्थान आणि त्याचे आतले स्वरूप या दोन स्वतंत्र गोष्टी नसून एकीने दुसरीला घडविले आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. संगीताने शाळेची साधने, म्हणजे पाठ्यपुस्तक, इयत्ता व परीक्षा ही उचलली; शाळेने मात्र संगीत उचलले नाही. या एकतर्फी व्यवहारातून जे निर्माण झाले ते आजचा शालेय संगीतवर्ग होय, आणि त्याचे गुणदोष पाहावयाचे ते याच दृष्टीने पाहावयास हवेत.

२

संगीत वर्गात बसून शिकावे ही कल्पना आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागली. पुण्यात १८७४ साली गायन समाजाची स्थापना झाली. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली, स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली आणि तिच्या आधारे पाठ्यपुस्तकेही रचली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले व १९०८ साली आपले कार्य मुंबईत आणले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय आणि १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज या संस्था त्यांच्या योजनेतून उभ्या राहिल्या. पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ साली, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि परीक्षांचे जाळे देशभर पसरविले. आज महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी शाळा सुटल्यावर हार्मोनियमभोवती बसलेली जी मुले दिसतात, त्यांची वंशावळ ही अशी आहे.

या चळवळीने काय साधले हे आधी निःसंकोचपणे सांगावयास हवे. गुरूची मर्जी, घराण्याचा उंबरठा आणि दरबारचा आश्रय यांच्या कुंपणात असलेली विद्या तिने शुल्क भरून प्रवेश घेणाऱ्या कोणासही खुली केली. मध्यमवर्गीय घरांतील मुलींना उघडपणे गाणे शिकता येऊ लागले ते प्रामुख्याने अशा विद्यालयांमुळे. ज्या समाजात गाणे शिकणारी स्त्री संशयाचा विषय होती, त्या समाजात विद्यालयाची पाटी, ठरलेली वेळ आणि छापील पुस्तक यांनी तिला एक संरक्षण दिले. पलुस्करांनी बंदिशींतील शृंगारपर शब्द टाळून भक्तिपर पदांना प्राधान्य दिले, याची आज कोणी चेष्टा करील. परंतु त्या बदलाविना किती घरांचे दरवाजे बंदच राहिले असते, याचाही विचार चेष्टा करणाराने केला पाहिजे. त्या प्रतिष्ठेची किंमत कोणी दिली हा प्रश्नही तितकाच खरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या विद्या सांभाळणारे उस्ताद व गाणारणी यांना नव्या विद्यालयांच्या कथेत दुय्यम स्थान मिळाले. गायनशाळेचा पाया घालणाऱ्या मौलाबक्षांचे नाव मराठी वाचकाला पलुस्कर-भातखंड्यांच्या नावांइतके परिचित नसावे, हा त्याच प्रक्रियेचा एक परिणाम म्हणता येईल.

३

वर्गशिक्षणाने संगीताच्या आशयात कोणता बदल केला, हे पाहण्यासाठी एका विशिष्ट रचनाप्रकाराकडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. तो प्रकार म्हणजे लक्षणगीत. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग असून पहिल्या भागात दहा थाटांच्या आश्रयरागांपासून आरंभ केला आहे. प्रत्येक रागात सरगम व लक्षणगीत येते आणि पुढील भागांतून पारंपरिक बंदिशींचा मोठा संग्रह उलगडत जातो. लक्षणगीताचे शब्द म्हणजे त्या रागाची व्याख्याच असते. थाट कोणता, वर्ज्य स्वर कोणते, वादी-संवादी कोण, समय कोणता, हे सारे त्या रागातच गाऊन सांगितलेले असते. यांतील कित्येक रचना भातखंड्यांनी ‘चतुर’ या मुद्रेने स्वतः केल्या. हा प्रकार त्यांनी शून्यातून निर्माण केला असे नाही. कर्नाटक पद्धतीत लक्षणगीते होतीच, आणि १९०४ सालच्या दक्षिणयात्रेत त्या परंपरेशी त्यांचा निकटचा परिचय झाला होता. परंतु हिंदुस्थानी संगीताच्या वर्गात त्याला जे कार्य प्राप्त झाले ते नवे होते.

शिक्षणाचे साधन म्हणून लक्षणगीताची योजना मोठी कल्पक आहे. जे पाठ करावयाचे तेच गावयाचे, आणि जे गावयाचे त्यातच नियम, अशी ती दुहेरी सोय आहे. पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात, आठवड्याच्या दोन तासांत, रागाची ओळख करून देण्याचा याहून सुटसुटीत मार्ग सुचविणे कठीण आहे. तथापि या सोयीतच एक धोका दडलेला आहे. येथे गीताचा अर्थ आणि गीताविषयीचे प्रश्नोत्तर ही एकच होऊन बसतात. मूल जे गाते ते परीक्षकाच्या प्रश्नाचे उत्तरच असते. त्यामुळे रागाविषयी जे शब्दांत सांगता येते तेवढाच राग, अशी समजूत नकळत दृढ होते.

ही समजूत किती अपुरी आहे हे भूप आणि देशकार या दोन रागांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. दोहोंचे स्वर तेच आहेत : सा, रे, ग, प, ध. मध्यम व निषाद दोहोंतही वर्ज्य. भेद सांगावयाचा तर थाट निराळा, वादी स्वर निराळा; भूपात गांधार, देशकारात धैवत. वर्गातील विद्यार्थी हे उत्तर बिनचूक देतो. पण तेच पाच स्वर गाताना धैवतावर किती थांबले, गांधाराला किती झुकते माप दिले, पंचमाकडून वर कसे चढले, म्हणजे भूप नाहीसा होऊन देशकार दिसू लागतो, हे उत्तरपत्रिकेत उतरत नाही. ते कानाला पुनःपुन्हा ऐकवून, चुकवून व सुधारूनच कळते. दरबारी कानड्यातील आंदोलित गांधाराचे तर ‘कोमल’ या एका शब्दाने काहीच वर्णन होत नाही. स्वरलेखनात मींड व कण यांना खुणा आहेत; पलुस्करांच्या लिपीत कालमानाच्या खुणा तर विशेष तपशीलवार आहेत. परंतु खूण म्हणजे आठवण. ज्याने ते ऐकले आहे त्याला ती जागे करते. ज्याने ऐकलेले नाही त्याला ती मुकीच राहते.

याचा दोष भातखंड्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ ज्याने चाळली असेल त्याला तिची रचना आठवेल. १९१० सालापासून मराठीत प्रसिद्ध होत गेलेला तो चार भागांचा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. तेथे शिष्य प्रश्न विचारतो, शंका काढतो, ग्रंथकारांतील विसंगती पुढे ठेवतो. गुरू कधी उत्तर देतो, कधी प्रचलित गायकीकडे बोट दाखवितो. म्हणजे ज्या पंडिताच्या नावाने वर्गातले कोष्टक चालते, त्याने आपला मुख्य ग्रंथ कोष्टकाच्या रूपात लिहिला नाही. वर्गाने त्याच्या कार्यातून तक्ता घेतला आणि संवाद सोडला. संवादात प्रश्न शिष्याचा असतो. वर्गात प्रश्न परीक्षकाचा असतो. शालेय संगीतवर्गावरील सर्वांत गंभीर आक्षेप या एका फरकात सामावला आहे.

४

वर्गपद्धतीचे समर्थक येथे एक प्रतिवाद करतील. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही सारी नामावळी पलुस्करांच्या विद्यालयातूनच आली ना, असे ते विचारतील. प्रतिवाद वजनदार आहे. परंतु तो ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून दिला जातो तिचा पुरावा तो नव्हे. ही मंडळी गुरूच्या सहवासात राहून, त्याच्या दिनक्रमाचा भाग होऊन, अनेक वर्षे तालीम घेऊन तयार झाली. विद्यालयाच्या इमारतीत नांदत असलेले ते गुरुकुलच होते. संध्याकाळी एक तास येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षण आणि त्यांचे शिक्षण यांत नावाशिवाय फारसे साम्य नाही. तेव्हा वर्गाचे मूल्यमापन त्याने किती गवई घडविले यावरून करणे वर्गावरही अन्यायाचे आहे. शाळेतील गणिताच्या तासाकडून कोणी गणितज्ञांची अपेक्षा करीत नाही. सामान्य विद्यार्थ्याला हिशेबाची समज यावी एवढीच अपेक्षा असते. तानसेन आणि कानसेन हा जोडशब्द मराठीत रूढ आहे, तो येथे नेमका लागू पडतो. वर्गाने कानसेन घडवावेत, हेच त्याचे न्याय्य ध्येय होय.

मग प्रश्न असा की, वर्ग कान तरी घडवितो काय? येथे काही अगदी व्यावहारिक गोष्टींचा विचार करणे भाग आहे. पहिली गोष्ट हार्मोनियमची. आकाशवाणीने १९४० साली या वाद्याला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. ती बंदी शहाणपणाची होती की नाही हा वाद बाजूस ठेवला, तरी तिच्यामागील आक्षेप, म्हणजे बांधलेले बारा स्वर आणि मींडेचा अभाव, हा शालेय वर्गाच्या बाबतीत दुपटीने खरा आहे. मैफलीतला गायक पेटीकडून साथ घेतो. त्याचा सूर आधीच त्याच्या गळ्यात असतो. वर्गातील मूल मात्र पेटीकडून सूर शिकते, आणि पेटीचा पडदा दाबल्यावर जो येतो तोच स्वर असे मानू लागते. तानपुऱ्याच्या तारा लावताना ऐकणे, हा कानाच्या शिक्षणाचा पहिला पाठ. तो बहुसंख्य वर्गांत होतच नाही, कारण तंबोरा लावण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात एक सरगम पाठ होते.

दुसरी गोष्ट पट्टीची. लहान मुलांचा व मुलींचा आवाज सामान्यतः काळी चार-पाचच्या आसपास मोकळा होतो, तर वयात आलेल्या पुरुषाचा काळी एक-दोनच्या आसपास. बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो. म्हणजे ज्या इयत्तांत परीक्षांची घाई सर्वांत अधिक, त्याच इयत्तांत निम्म्या वर्गाचा गळा दर काही महिन्यांनी बदलत असतो. अशा वेळी सर्वांनी एका पट्टीत गावे ही शिक्षकाची सोय असते. पण तीमुळे काही मुले खाली दबून तर काही ताणून गातात, आणि ‘आपल्याला गाणे येत नाही’ असा कायमचा निर्णय करून वर्ग सोडतात. वस्तुतः न येणारी गोष्ट गाणे नसते. ती पट्टी असते. शिक्षकाला वर्गाचे दोन-तीन गट पाडण्याइतका वेळ व मुभा असती, तर यांतील कित्येक मुले गात राहिली असती. बाहेरचे स्थान आतले स्वरूप कसे घडविते याचे हे एक साधे पण बोलके उदाहरण आहे.

५

वर्गाला शाळेच्या दारात उभे राहण्यास जो आधार मिळाला तो परीक्षेचा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायऱ्यांची उतरंड आज घरोघरी परिचित आहे. चित्रकलेच्या बाजूला शासकीय रेखाकला परीक्षांनी, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमीजिएट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या परीक्षांनी, हेच कार्य केले. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने शास्त्रीय कला, लोककला व चित्रकला यांतील प्रावीण्यासाठी दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे या प्रमाणपत्रांना एक रोख मूल्य प्राप्त झाले.

परीक्षेची निंदा करणे सोपे आहे, पण ते एकांगी होईल. परीक्षेमुळे अभ्यासक्रमात सातत्य येते. लहान गावातील शिक्षकाला मोठ्या शहरातील शिक्षकाच्या बरोबरीने उभे राहता येते. ‘गाण्यात वेळ घालवू नकोस’ असे म्हणणाऱ्या पालकापुढे मुलाला प्रमाणपत्र ठेवता येते. लोककलांना गुणपत्रिकेत जागा मिळाली, ही गोष्टही लहान नाही. तथापि परीक्षेने कलेला शाळेत ज्या अटीवर जागा दिली ती अट ध्यानात घेतली पाहिजे. कलेने आपली किंमत दुसऱ्या विषयांच्या नाण्यात सांगावी, ही ती अट. वाढीव गुण गायनासाठी मिळतात, पण ते जमा होतात एकूण टक्केवारीत. साहजिकच दहावीचा निकाल लागल्यावर पेटी माळ्यावर जाते. पेटी माळ्यावर ठेवणारा विद्यार्थी कृतघ्न नव्हे. त्याला जे कारण देण्यात आले होते ते संपलेले असते, एवढेच.

चित्रकलेच्या परीक्षांचे विषय पाहिले तर हीच गोष्ट निराळ्या बाजूने दिसते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन ही विभागणी एका कसबी कारागिराच्या शिक्षणाची आहे. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली स्थापन झाले, तेव्हाच्या कलाशिक्षणाची दृष्टी या विभागणीत अद्यापि ओळखू येते. यांतील प्रत्येक अंग उपयुक्त आहे. हाताला व डोळ्याला शिस्त लावणारे आहे. परंतु मूल स्वतःहून जे चित्र काढते त्याचे स्वरूप काय, त्याची वाढ कशी होते, हा प्रश्न या चौकटीत उपस्थितच होत नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक याने १८९७ च्या सुमारास मुलांसाठी जो वर्ग चालविला तो याच प्रश्नातून निघाला होता, आणि हर्बर्ट रीड याने १९४३ साली कलेद्वारा शिक्षणाचा जो सिद्धान्त मांडला त्याचेही मूळ तेथेच होते. या विचारांचा परिचय आपल्या अध्यापक-विद्यालयांना नाही असे नाही. तो प्रश्नपत्रिकेपुरता आहे.

६

कला शाळेच्या आत आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत काय? झाले, आणि त्यांतील दोन येथे विचारात घेण्यासारखे आहेत. रवींद्रनाथांनी १९०१ साली सुरू केलेल्या शांतिनिकेतनच्या शाळेत गाणे हा दिनक्रमाचा भाग होता. सकाळचा आरंभ गाण्याने, ऋतूंचे स्वागत गाण्याने, वर्षामंगल व वसंतोत्सव हे शाळेचेच सण. तेथे मूल गाणे ‘शिकत’ असे त्याहून अधिक गाण्यात राहत असे. नंतरच्या काळात कलाभवन व संगीतभवन ही शास्त्रशुद्ध शिक्षणाची केंद्रे उभी राहिली तीही या वातावरणाच्या आधारावर. दुसरा प्रयत्न नयी तालीमचा. वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला त्यात मूलोद्योग, मातृभाषा, गणित यांच्या मालिकेतच चित्रकला आणि संगीत यांची नावे होती. सेवाग्राम येथे १९४४ पासून शांतिनिकेतनचे विद्यार्थी देवीप्रसाद यांनी कलाशिक्षक म्हणून जे काम केले, त्यातून कला हाच शिक्षणाचा पाया होय, हे त्यांचे प्रतिपादन पुढे ग्रंथरूपाने आले.

हे दोन्ही प्रयोग आदराने उल्लेखिले जातात, पण अनुकरणासाठी नव्हे. त्यांच्या मर्यादाही उघड आहेत. शांतिनिकेतनात एका असामान्य कवीची गीते हाताशी होती आणि मुले निवासी होती. नयी तालीममध्ये उद्योगाच्या उत्पादनाचा हिशेब पुष्कळदा इतर सर्व अंगांवर मात करी. सामान्य शाळेला यांतील कोणतीही गोष्ट जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. अभ्यासाचा आणि कलेचा विरोध स्वाभाविक नाही. तो वेळापत्रकाने निर्माण केलेला आहे.

७

या निष्कर्षासाठी बंगालपर्यंत जाण्याची तरी आवश्यकता आहे काय? मराठी शाळेच्या स्वतःच्याच इतिहासात त्याचा पुरावा आहे, आणि तो सहसा दुर्लक्षिला जातो. परशुरामपंत गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली प्रसिद्ध झाले व पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून वाचले गेले. त्यातील कविता वाचली जात नसे. ती म्हटली जात असे. ओवी, अभंग, आर्या, दिंडी, साकी, कटाव या प्रत्येकाची चाल ठरलेली. मोरोपंतांची आर्या चालीवर म्हणता आली नाही तर ती पाठ झाली असे मानीत नसत. वृत्ताचे लघुगुरू कानाला कळत ते या चालींतून. व्याकरणातले गण मागाहून येत. पाढे, पावकी, निमकी हीदेखील एका लयीत म्हटली जात. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त ज्या लयतत्त्वाची शास्त्रीय मांडणी केली, त्याचा अनुभव सामान्य विद्यार्थ्याला मराठीच्या तासालाच मिळत असे.

या परंपरेत घोकंपट्टी होती, छडीही होती, आणि शाळेच्या ओट्यापर्यंत ज्यांना पोहोचूच दिले जात नव्हते त्यांच्यासाठी ती नव्हतीच. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि संगीताचे एक प्राथमिक शिक्षण, म्हणजे ताल धरणे, सूर जुळविणे, समूहाबरोबर राहणे हे सर्व तीत अभ्यासाच्या आत होत असे, आणि त्यासाठी निराळा शिक्षक लागत नसे. पुढे मुक्तच्छंद आला, मूकवाचनाचे महत्त्व वाढले, कवितेचा अर्थ लिहून दाखविणे हेच कवितेचे अध्ययन ठरले. यांतील प्रत्येक बदलामागे योग्य कारण होते. पण सर्वांचा मिळून परिणाम असा झाला की, भाषेच्या तासातून चाल निघून गेली. संगीत प्रारंभापासूनच ‘अभ्यासेतर’ नव्हते. अभ्यासातून आवाज काढून टाकल्यावर जे उरले ते घंटेनंतरच्या वर्गात जाऊन बसले.

याचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. मूल घरून गाणे घेऊन येते. कोणी भोंडल्याची गाणी, कोणी आजीच्या ओव्या, कोणी भजनी मंडळातला ठेका, कोणी तमाशाच्या फडातली ढोलकी, कोणी चित्रपटातली चाल. भाषेच्या तासाला चालींचे जे स्वागत होते त्यात या घरच्या स्वरांनाही आडून का होईना शिरकाव मिळे, कारण ओवी व अभंग घरीही होते आणि शाळेतही. आजच्या संगीतवर्गाचा आरंभ आश्रयरागाच्या सरगमेने होतो आणि स्नेहसंमेलनाचा शेवट चित्रपटगीतावरील नाचाने. मुलाच्या स्वतःच्या गाण्याला या दोहोंतही जागा नाही. ज्याच्या घरी शास्त्रीय संगीत ऐकले जाते त्याला वर्ग ओळखीचा वाटतो. ज्याच्या घरी ढोलकी आहे त्याला तो परका वाटतो. शुल्काचा अडसर दिसतो तरी. हा अडसर दिसत नाही, म्हणून तो अधिक टिकाऊ आहे.

८

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने अभ्यासक्रमांतर्गत, सहशालेय व अभ्यासेतर अशी कठोर विभागणी राहू नये असे म्हटले आहे. भूमिका स्वागतार्ह आहे. परंतु शब्द काढून टाकल्याने विभागणी जात नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीकडे पाहावे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांच्या शिक्षकांची तरतूद सांगितल्यावर, शंभरांहून अधिक विद्यार्थी असतील तेथे कला, आरोग्य व कार्य-शिक्षण यांसाठी ‘अंशकालीन’ निदेशक असावेत असे तीत नमूद केले आहे. म्हणजे शंभरांखालील शाळेला तेवढेही बंधन नाही. ‘अभ्यासेतर’ हा शब्द गेला, तरी ‘अंशकालीन’ हा शब्द कायद्यात राहिला आहे. जोपर्यंत कलाशिक्षक हा शाळेचा अर्धवेळ पाहुणा आहे, तोपर्यंत त्याच्या वर्गाने लक्षणगीत, एक पट्टी आणि प्रमाणपत्र या तीन सोयींचाच आश्रय घ्यावा, यात आश्चर्य नाही.

एवढ्या विवेचनावरून शालेय संगीतवर्गाचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांनी करावे हे निश्चित करता येईल. वर्गातील सामान्य विद्यार्थ्याला पेटीवाचून सूर धरता येतो काय. परीक्षेच्या यादीबाहेरचे एखादे गाणे तो आपण होऊन ऐकतो वा गातो काय. आणि भाषेच्या तासाला कविता पुन्हा कानावर पडू लागली आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रमाणपत्रांच्या संख्येपेक्षा अधिक विश्वसनीय ठरतील. यांतील तिसऱ्या प्रश्नासाठी नवे अनुदान लागत नाही, नवा निदेशकही लागत नाही. ओवी ओवीसारखी म्हणणारा मराठीचा शिक्षक लागतो. असे शिक्षक तयार करणे हे अध्यापक-विद्यालयांचे, आणि त्यांना विद्या पुरविणाऱ्या विद्यापीठीय मराठी विभागांचे काम आहे. छंदःशास्त्र हा पदव्युत्तर अभ्यासक्रमात वहीत उतरवून घेण्याचा विषय राहिला, तर शाळेतील संगीताच्या दैन्याबद्दल संगीतशिक्षकाला बोल लावण्याचा अधिकार या विभागांना उरणार नाही.